खोड सांगून दिलेली गाडी

बोरमाळच्या बायडाबाईनं सांगितल्या भावाला एखादी वस्तू घेतल्याचं कुणी पाहिलेलं नाही. बांगड्या भरायच्या असोत, घमेलं घ्यायचं असो, नाही तर पावशेर मिरची, ही बाई आधी दुकानदाराच्या तोंडाकडे अशी बघत उभी राहणार की त्या बिचाऱ्यालाच वाटावं, आपण जरा जास्तच सांगितलं वाटतं. तिचा नवरा म्हाळू जन्मभर मेंढरांमागे हिंडलेला, अबोल माणूस. पण एकदा पारावर बसून तोही बोलून गेला, "यमराज आला दारात तरी ही म्हणंल, येते, पर दोन वर्सं कमी-जास्त करा." सगळं गाव हसलं. हसलं खरं, पण कुणाला म्हैस घ्यायची झाली की तिलाच पुढं घालून बाजाराला जायचं.

ही विद्या तिला बापाकडून आली. तिचा बाप तात्याबा जनावरांचा व्यापारी. धारूरपासून नेकनूरच्या बाजारापर्यंत त्याचा राबता. त्याला मुलगा नव्हता, ही एकच लेक. मग तिलाच तो बरोबर न्यायचा. सहा वर्षांची पोर बैलाच्या जबड्यात हात घालून दात मोजायची आणि बाजारातली मोठी मोठी माणसं तोंडात बोट घालायची. रुमालाखाली बोटं दाबून होणाऱ्या सौद्यात बाईमाणसाचा हात चालत नाही, म्हणून ती तोंडी सौदा शिकली. पसंत पडलेल्या जनावराकडे आधी बघायचं नाही. सौदा ठरेपर्यंत समोरच्याच्या घरचा चहाच काय, पाणीसुद्धा घ्यायचं नाही, कारण तोंड ओलं झालं की माणूस मिंधा होतो. आणि शेवटचं, तात्याबाचं स्वतःचं: आपलं जनावर देताना पैसे हातात पडायच्या आधी त्याची खोड सांगायची. समोरच्यानं विचारलं नाही तरी सांगायची.

या शेवटच्या नियमानं घरात एकदा चूल विझायची वेळ आली होती. बहात्तरचा दुष्काळ. लोक मातीमोल भावानं जनावरं विकत होते आणि तात्याबा दावणीचा शेवटचा बैल घेऊन बाजारात उभा होता. बैल देखणा, कामाला वाघ. खोड एकच, ओढ्याचं पाणी दिसलं की मधोमध बसकण मारायचा. आता त्या वर्षी ओढ्याला पाणी होतं कुठं? पाच पाच कोसांत प्यायला पाणी नव्हतं. घेणाऱ्याला त्या खोडीचा पत्ता पाऊस पडेपर्यंत लागला नसता. तरीही तात्याबानं सांगितलं. घेणाऱ्यानं तिथल्या तिथं चाळीस रुपये कमी केले. चाळीस रुपये, तेव्हाचे! घरी आल्यावर बायडाबाईची आई दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापता थापता म्हणाली, "नाव राखलं म्हनं. ठिवा ते नाव चुलीवर. बघू शिजतंय का."

तात्याबा रिकामं दावं गुंडाळून खुंटीला लावायला उठला. अकरा वर्षांची बायडा चुलीपाशी बसून दोघांच्याही तोंडाकडे बघत होती. ते वाक्य तिच्या मनातून पुढं कधी गेलं नाही.

असो. आपली गोष्ट दोन हजार एकोणीसच्या मार्चमधली आहे. तोवर बायडाबाईनं अठ्ठावन्न वर्षं पुरी केली होती आणि बोरमाळच्या महिला दूध संस्थेची ती अध्यक्ष होती. ही संस्थाही दुष्काळातच जन्मली. आधीच्या एका दुष्काळात चारा छावणीत जनावरांबरोबर चार महिने काढताना अकरा बायकांनी ठरवलं, दूध आपण काढायचं आणि पैसे दुसऱ्यानं मोजायचे हे बास झालं. अकराच्या आता त्र्याऐंशी झाल्या होत्या. संस्थेचा एक जुना पिकअप होता, तिसऱ्या हातचा. रोज सकाळी चारशे लिटर दूध घेऊन तो घाट उतरायचा आणि शीतकरण केंद्रावर पोचवायचा. रिकामे कॅन आणि यंदाच्या चारा छावणीतल्या जनावरांसाठी पेंड घेऊन परत घाट चढायचा. चढायचा म्हणजे, चढायचा प्रयत्न करायचा.

फेब्रुवारीत तो तीनदा रस्त्यात बसला. तीनदा दूध नासलं. केंद्रानं कागद पाठवला, एक एप्रिलपासून वेळेवर दूध आलं नाही तर बोरमाळचं दूध बंद.

संस्थेच्या बैठकीला गावातले सुंदरराव आले. बागायतदार माणूस, तालुक्याच्या राजकारणात उठबस, आणि गावातल्या दुसऱ्या, पुरुषांच्या, दूध संस्थेचे सर्वेसर्वा. माणूस वाईट नाही. फक्त आपल्यावाचून गावाचं काही अडेल, याची वाट बघत बसायची त्यांना सवय.

"बायडाबाई," ते गोड आवाजात म्हणाले, "म्हैस घेनं येगळं आन गाडी घेनं येगळं. तिथं कोटेशन असतंय, स्कीम असत्यात. तुमाला ते लोक उभ्याउभ्या कापतील. त्यापेक्षा दूध आमच्या गाडीत घाला. संस्था एक करू. कावून जिवाला त्रास?"

बायकांत चुळबुळ सुरू झाली. पाच वर्षं लिटरमागं रुपया बाजूला टाकून त्यांनी गाडीसाठी पैसे साठवले होते. जुनी गाडी देऊन वर सहा लाख चाळीस हजार. त्यापुढे एक पैसा नव्हता, आणि कर्ज काढायचं नाही असा ठराव होता.

"आण्णा," बायडाबाई म्हणाली, "एकतीस तारखेपोतर नवी गाडी चौकात उभी दिसली न्हाई, तर संस्थेचा शिक्का मी सोता तुमच्या हातात आणून दीन."

बोलून गेली आणि मग तिला कळलं, आपण काय पणाला लावलं. शिक्का म्हणजे त्र्याऐंशी बायकांचं नाव. पण सुंदररावांच्या समोर बोललेला शब्द मागं घ्यायचा नसतो.

तीस मार्चला सकाळी जुना पिकअप बीडच्या शोरूमसमोर उभा राहिला. गाडीत तिघं. बायडाबाई. संस्थेची सचिव सत्यभामा, बारावी शिकलेली, कागदपत्रात पक्की, पण घाबरट. आणि ड्रायव्हर रामकिसन, पन्नाशीचा, त्या जुन्या गाडीचा नवराच म्हणा ना, कारण तिच्या साऱ्या खोडी त्यानं निमूट सोसल्या होत्या.

शोरूमच्या काचेच्या दारातून आत गेलं की गारवा अंगावर यायचा. बाहेर मार्चचं ऊन मी म्हणत होतं. मॅनेजर बद्रीनाथ पुढं आला, पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टाचा. "या मावशी, बसा. पाणी घ्या. चहा सांगू?"

"नको."

"निदान पाणी तरी."

"आमचं हाय," म्हणत बायडाबाईनं पिशवीतली बाटली काढून टेबलावर ठेवली. सत्यभामानं गार पाण्याच्या ग्लासाकडे एकदा बघितलं आणि नाइलाजानं मान फिरवली.

पुढचा अर्धा तास बायडाबाई दर्शनी उभ्या असलेल्या लाल पिकअपभोवती फिरली. दार उघडलं, लावलं, हौद्यात वाकून बघितलं, रंगाची तारीफ केली. बद्रीनाथ उत्साहानं सांगत राहिला. मागच्या कोपऱ्यात एक पांढरा पिकअप उभा होता. त्याच्याकडे ती फक्त एकदा गेली, तेही चप्पल सटकली म्हणून. चप्पल नीट करायला ती त्याच्या चाकापाशी वाकली आणि क्षणभर तशीच राहिली. मग उठून परत लाल गाडीकडे आली.

"ही लाल लई झाक हाय," ती म्हणाली, "पर आमाला दुधाचा धंदा. पांढरीच बरी. केवढ्याला?"

सगळं धरून सात लाख ऐंशी हजार. आकडा ऐकून बायडाबाई बद्रीनाथच्या तोंडाकडे बघायला लागली. नुसती बघत राहिली. चांगला मिनिटभर.

"तसं मार्च एण्ड आहे म्हणून आम्ही दहा हजार कमी करतोय," बद्रीनाथ आपणहून म्हणाला.

रामकिसननं मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. ती नजर त्याच्या ओळखीची होती.

मग खरा बाजार सुरू झाला. बायडाबाईनं सत्यभामाला कागदावरचं एकेक कलम मोठ्यानं वाचायला लावलं. हे 'हँडलिंग'चे आठ हजार कसले? पासिंगची धावपळ आम्ही करतो त्याचे, बद्रीनाथ म्हणाला. "आमचा रामकिसन धावंल. त्याला काय धाड भरली?" आठ हजार गेले. विम्याचा आकडा? सत्यभामानं पिशवीतून धारूरच्या विमा एजंटाचा कागद काढला, तोच विमा, चौदा हजारांनी स्वस्त. बद्रीनाथनं कागद उलटासुलटा करून बघितला. मग कपाळ पुसलं आणि तेवढ्यालाच आम्हीही देतो म्हणाला.

"आन संस्थेची सूट?"

"कसली संस्थेची सूट?"

"आसं कसं? बाजारात दहा जनांनी मिळून जनावरं घेतली तर व्यापारी एक दावं फुकट देतो. आमी त्र्याऐंशी जनी हाव. तुमची कंपनी तेवढंबी करत न्हाई?" तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतलं संस्थेचं नोंदणीपत्र टेबलावर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवला, देव्हाऱ्यातल्या टाकावरून फिरवावा तसा.

बद्रीनाथनं कुठंतरी फोन लावला, दोनदा "हो सर" म्हणाला आणि मान्य केलं की नोंदणीकृत संस्थांसाठी पंधरा हजारांची सूट असते. "सहसा कुणी मागत नाही," तो ओशाळून म्हणाला.

"मागतो की आमी," बायडाबाई म्हणाली.

तेवढ्यात सत्यभामानं तिला कोपरानं ढोसलं आणि भिंतीवरच्या फळ्याकडे डोळ्यांनी खुणावलं. फळ्यावर लिहिलं होतं, मार्च टार्गेट चाळीस, झाले एकोणचाळीस. घाबरट सत्यभामानं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची दुखरी नस ओळखली होती, आणि त्या आनंदात ती तहान विसरली.

राहिली जुनी गाडी. शोरूमचा माणूस ती घेऊन आवारात एक चक्कर मारून आला. आवार तळहातासारखं सपाट. गाडी छान पळाली. तिचे पंच्याऐंशी हजार लावले, वर जुनी देऊन नवी घेण्याचा बोनस म्हणून कंपनीचे पंधरा हजार. सत्यभामानं कागदावर वजाबाकी केली आणि आकड्याखाली दोनदा रेघ ओढली. सहा लाख तेहेतीस हजार! हद्दीच्या सात हजार आत.

रामकिसनचा चेहरा उजळला. बद्रीनाथनं सुटकेचा श्वास सोडून सह्यांचे कागद पुढं केले. "आता तरी चहा घ्याल ना मावशी?"

बायडाबाईनं पेन हातात घेतलं. कागदावर टेकवलं. आणि परत उचललं.

"थांबा," ती म्हणाली. "खोड सांगायची राहिली."

"कसली खोड?"

"आमच्या गाडीची."

रामकिसननं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. तिनं पाय काढून घेतला.

"सपाटीला ती ग्वाड चालती. घाटात तिसरा गेर टाकला की निसटतो, परत दुसऱ्यावर यावं लागतंय. भरल्या गाडीला तर हमखास. आन रेडिएटरला डाग दिल्याला हाय. घाट चढला की थांबून पानी वतावं लागतंय. दुसरं काही न्हाई. इंजान चांगलं हाय, पाटे चांगले हायेत."

बद्रीनाथ आधी तिच्याकडे, मग रामकिसनकडे बघत होता. दहा वर्षांच्या नोकरीत असं गिऱ्हाईक त्यानं बघितलं नव्हतं. पण धंदा तो धंदा. त्यानं आपल्या माणसाला बोलावलं, दोघं कुजबुजले, आणि तो अवघडून म्हणाला, "मावशी, आता कळल्यावर मला तो भाव देता येणार नाही. तीस हजार कमी होतील."

सहा लाख त्रेसष्ट हजार. हातातोंडाशी आलेला घास गेला.

सत्यभामाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "कावून सांगितलं काकू? त्यांनी इचारलं व्हतं का?"

"इचारलं न्हाई, म्हनूनच सांगावं लागलं."

"आता सुंदरआण्णाला काय सांगायचं? त्र्याऐंशी जणींना काय सांगायचं?"

खरं सांगायचं तर तिलाही धस्स झालं होतं. "बघू शिजतंय का," आईचं ते चुलीपुढचं वाक्य तिच्या कानात जसंच्या तसं वाजलं. पाच वर्षं बायकांनी पोराबाळांच्या तोंडचं दूध मापात घालून रुपया रुपया साठवला, तो काय हिच्या बापाचा नियम पाळायला? आणि तरीही, परत तीच वेळ आली असती तर तिनं परत तेच केलं असतं, हेही तिला तितकंच ठाऊक होतं. काही माणसांना खोटं बोलायला जमत नाही. हिला तर गप्प बसायलासुद्धा जमत नव्हतं.

तिनं पदरानं तोंड पुसलं, खुर्ची पुढं ओढली आणि बद्रीनाथच्या डोळ्यांत बघितलं.

"माझी सांगून झाली. आता तुमची सांगा."

"काय सांगू?"

"तुमच्या गाडीची खोड. मी तुमाला जनावर दिलं, तुमी मला देताव. दोघांनीबी सांगायची आसती."

बद्रीनाथ हसला. "अहो मावशी, नवी कोरी गाडी आहे. तिला कसली खोड?"

"बघा बरं इच्यार करून. मी वाट बघते."

तो परत म्हणाला, काही नाही. मग बायडाबाई उठली, त्याला घेऊन पांढऱ्या पिकअपच्या मागच्या चाकापाशी गेली आणि म्हणाली, "वाका. हितं आकडे हायेत, ते वाचा."

टायरच्या काठाला चार आकडे उठवलेले होते. शून्य, सात, एक, आठ. जुन्या गाडीला टायर घेताना धारूरच्या पंक्चरवाल्यानं तिला ते एकदा दाखवले होते. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. जनावराचे दात मोजणाऱ्या बाईनं ते एकदाच ऐकलं आणि पक्कं धरलं. अठरा सालचा सातवा आठवडा. म्हणजे ही गाडी गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून, वर्षभर उभी होती. सकाळी चप्पल काही उगाच सटकली नव्हती.

"अदंत, दातबी न आल्यालं कोवळं म्हनून सांगताव," ती हळूच म्हणाली, दुसऱ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, "आन हिला तर दोन दात आल्यात."

आता इथं बद्रीनाथ हात झटकू शकला असता. टायर आधीचे असतात, गाडी नंतर बनते, असं म्हणायला त्याच्याकडे जागा होती, आणि रोज तो ते म्हणतही असेल. पण आत्ता पाच मिनिटांपूर्वी या बाईनं आपल्या हातानं आपले तीस हजार घालवलेले त्यानं पाहिले होते. त्याच्या तोंडून ते वाक्य निघेना. तो गेवराईकडच्या एका खेड्यातला, घरी चार म्हशी असलेल्या आईचा मुलगा. त्याची शोरूमची भाषा एकदम गळून पडली.

"खरं हाय मावशी. गेल्या सालच्या फेब्रुवारीतली हाय. एकानं बुक केलती, मग दुष्काळामुळं त्यानं सोडली. सहा महिने बाहेरच्या आवारात उनात हुती." तो गाडीच्या पुढच्या बाजूला गेला. "आन अजून एक. तुमाला ते दिसलं नसतं. आत घेताना पुढचा बंपर घासला हुता. तो रंगवून घेतलाय."

बंपरचं बायडाबाईला खरंच माहीत नव्हतं. तिनं त्याच्याकडे नव्या नजरेनं बघितलं.

"आता कसं बोललास," ती म्हणाली. "अहो-जाहो सोडते बघ. तू आता बाजारातला मानूस झालास."

मग फार वेळ लागला नाही. पडून राहिलेल्या जुन्या सालच्या गाडीवर कंपनी वेगळी चाळीस हजारांची सूट देत असते. ती बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत पोचतच नाही. बद्रीनाथनं ती पुरीच्या पुरी कागदावर लिहिली. वर नवी बॅटरी, दुधाचे कॅन अडकवायला हौद्यात लोखंडी दांडे, आणि ताडपत्री. सत्यभामानं वजाबाकी तीन वेळा करून बघितली. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. सहा लाख तेवीस हजार. हद्दीच्या सतरा हजार आत!

"काकू," ती कुजबुजली, "तुमी हे आदीच ठरवलं व्हतं का? आपली खोड सांगून त्याला कोंडीत धरायचं?"

"न्हाई गं बाई. टायरचं मी नुसतं ठिवलं व्हतं पोटात, घासाघीस अडली तर काढायचं म्हनून. आपली खोड तर सांगायचीच व्हती."

रामकिसनचा यावर आजही विश्वास नाही. तो अजून लोकांना सांगतो, आक्कानं डाव टाकलता. पण रामकिसन जन्मभर गाड्यांत वावरला, तात्याबा त्याला माहीत नव्हता.

सही झाली तेव्हा दुपार कलली होती. चहा आला. बायडाबाईनं बशीत ओतून, फुंकर मारून, आवाज करत प्याला, आणि वर आणखी अर्धा कप मागून घेतला. सत्यभामा तीन ग्लास गार पाणी प्यायली.

कागदपत्रांना दुसरा दिवस उजाडला. एकतीसला नवी गाडी ताब्यात आली. निघताना बायडाबाई जुन्या गाडीकडे गेली. तिच्या आरशाला म्हाळूनं वळलेली लोकरीची काळी दोरी बांधलेली होती. ती तिनं सोडून घेतली. जनावर दिलं तरी दावं द्यायचं नसतं. दोरी नव्या गाडीच्या आरशाला बांधली. जुन्या गाडीच्या टपावर दोनदा थोपटलं आणि मागं न बघता रामकिसनच्या शेजारी येऊन बसली.

दिवस मावळायच्या आत पांढरा पिकअप घाट चढला. तिसऱ्या गिअरवर चढला, न थांबता. चौकात बायका ओवाळायची ताटं घेऊन उभ्या होत्या. सुंदररावही आले होते. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, कागद बघायला मागितला, आकडा वाचला, परत वाचला.

"बायडाबाई," ते म्हणाले, "मला पुढच्या महिन्यात ट्रॅक्टर घ्यायचाय."

"येते की," बायडाबाई म्हणाली. "पर तितं गेल्यावर तुमी चहा प्यायचा न्हाई."

त्र्याऐंशी बायका एकदम हसल्या. सुंदररावही हसले, दुसरं करणार काय?

इथं गोष्ट संपली असती तरी कुणाची तक्रार नव्हती. पण नवव्या दिवशी सकाळी, दूध मोजणं चाललेलं असताना, सत्यभामाच्या मोबाइलवर बद्रीनाथचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर लावून बायडाबाईपुढं धरला, कारण बायडाबाईचे दोन्ही हात दुधाचे होते.

"मावशी, तुमची जुनी गाडी गेली. दिंद्रुडच्या एका भाजीवाल्यानं घेतली."

"त्याला गेराचं सांगितलं का?"

"तेच सांगायला फोन केलाय. मी सांगायला लागलो, तर तो म्हणाला, आधी गाडी कुणाची ते सांगा. मी म्हणालो, बोरमाळच्या बायडाबाईंची. त्यांनीच खोडी सांगून दिलीय, गिअरची आणि रेडिएटरची. म्हातारा होता मावशी, सत्तरीचा. त्यानं विचारलं, ही बाजारात बैलाचे दात मोजणारी तात्याबाची लेक का? मी म्हणालो, मला माहीत नाही. तर म्हणाला, तीच आसंल. त्याच्या बापानं म्हणे बहात्तरला तुमच्या वडिलांचा बैल घेतलता. पुढच्या पावसाळ्यात ओढ्यात बसला, पण सांगितलंच हुतं म्हणून तो रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्यानं न्यायचे. बारा वर्षं चालला म्हणे तो बैल. मग म्हाताऱ्यानं गाडी चालवूनसुद्धा बघितली नाही. म्हणाला, तात्याबाच्या घरचं हाय, सांगितलंय तेवढीच खोड आसंल. घाटात आपल्याला जायचंच न्हाई. आन भावाची घासाघीसबी केली न्हाई बघा."

बायडाबाईनं हातातलं माप खाली ठेवलं. रांगेतल्या बायका मापाकडे नाही, तिच्याकडे बघत होत्या. तात्याबाला जाऊन तेवीस वर्षं झाली होती आणि दिंद्रुडच्या एका माणसानं त्याच्या नावावर डोळे झाकून गाडी घेतली होती. आजवर तिला स्वतःचा अभिमान वाटला होता तो घासाघिशीचा, चार पैसे वाचवल्याचा. आज वाटला तो वेगळाच होता, आणि तो एकटीचा नव्हता.

"काकू, बोला की," सत्यभामा म्हणाली. "फोन चालू हाय."

बायडाबाईनं फोनकडे बघितलंच नाही. ती बघत होती समोर, कुठंतरी, जिथं अकरा वर्षांची एक पोर चुलीपाशी बसली होती आणि एक बाई रागारागानं लाल भाकरी थापत होती.

"आये," ती म्हणाली, "शिजलं गं."